खालची फांदी

धाकटीने पहिला गुलाब निवडला तो हॉलच्या पडद्यांना शोभेल म्हणून. नर्सरीवाला बिचारा परत परत विचारत होता, "ऊन किती येतं हो?" त्यावर ही म्हणाली, "पडदा उघडला की येतं." सोफ्याशेजारी ठेवलेला तो गुलाब महिन्याभरात वाळून काडी झाला. दुसरा तिने गॅलरीत ठेवला, पण पाणी घालून घालून त्याला बुडवून मारलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा नर्सरीवाल्याने न बोलता तिच्यापुढे निवडुंग ठेवला. ती तणतणत घरी आली.

खरं सांगायचं तर तिला गुलाब नकोच होता. तिला सासूबाई हव्या होत्या.

दोघी जावा एकाच इमारतीत राहायच्या, थोरली तळमजल्यावर आणि धाकटी बरोबर तिच्या डोक्यावर. थोरलीच्या दारासमोरच्या वाफ्यात सासऱ्यांनी स्वतः तयार केलेला जर्दाळू रंगाचा गुलाब होता. सासरे गेले, मुलांनी घरं वाटून घेतली, पण गुलाब काही वर जाणार नव्हता. तो खाली, म्हणून सासूबाईही खाली. संध्याकाळी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून पेपर उघडून बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

थोरली शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरी आल्यावरही तिची शाळा सुटत नसे. सासूबाईंच्या चहातली साखर तिने बंद केली होती, पत्ते बंद केले होते, आणि दुपारी झोप येवो न येवो, डोळे मिटून पडायचं असा नियम केला होता. बाई वाईट नव्हती. मनापासून काळजी करायची, फक्त समोरच्याला ती शिक्षा वाटायची. धाकटीला मात्र सासूबाई आवडायच्या त्या त्यांच्या अवगुणांसकट. पत्त्यांत त्या डोळ्यादेखत लबाडी करत आणि पकडल्यावर साळसूदपणे कानांवर हात ठेवत. धाकटीचा नवरा दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन टीव्हीशी. आपलं ब्युटी पार्लर बंद करून वर आलं की तिला घर खायला उठायचं.

एका रविवारी सगळे खाली जेवायला जमले होते. धाकटीने विषय काढला, "आई, तुम्ही थोडे दिवस वर या ना राहायला."

"आणि संध्याकाळी बसू कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या वॉशिंग मशीनजवळ?"

"मी लावणार आहे गुलाब."

थोरलीने भाजीत बघत हसू दाबलं. ते हसू धाकटीला फार लागलं.

"तुझा गुलाब फुलला की येईन," सासूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी येईन, उशी घेऊन."

"खुशाल जा," थोरली म्हणाली. "फुलू तर दे."

आता धाकटी इरेला पेटली. दुकानातला गुलाब नकोच, खालच्या जर्दाळूचीच काडी हवी. पण थोरली त्या झाडाला कोणाला हात लावू देत नसे. कात्री तर लांबच राहिली. "वाढतंय ते वाढू दे, कापलं की झाड खचतं," असं तिचं ठाम मत होतं, आणि मुख्याध्यापिकेचं मत कोण तपासणार? म्हणजे चोरी करणं आलं.

धाकटीचा हात कात्रीवर बसलेला होता. वर्षानुवर्षं केस कापून तिला एक गोष्ट पक्की माहीत होती: मानेजवळच्या, सगळ्यात खालच्या थरातले केस कितीही उडवले तरी वरून कोणाला पत्ता लागत नाही. तेच तिने इथे लावलं. वरच्या, फुलांच्या फांद्यांना तिने हातही लावला नाही. बुंध्याच्या गाठीखालून, अगदी मातीला लागून, एक हिरवीगार, सरळसोट फांदी तरारून वर आली होती. सगळ्या झाडात तीच जोमदार. धाकटीने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि तिच्यावर डोळा ठेवला.

संध्याकाळी ती खाली गेली. सासूबाई खुर्चीत, पेपरमागे. थोरली दारात उभी.

"अगं, माझा चष्मा बघ बरं आत," सासूबाई थोरलीला म्हणाल्या.

थोरली आत गेली. धाकटीने कात्री काढली, फांदी उडवली, ओढणीखाली लपवली आणि धूम ठोकली. जिन्यात पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, की चष्मा तर सासूबाईंच्या नाकावरच होता. वय झालं आता, असं म्हणून तिला वाईटही वाटलं.

काडी अशी काही फुटली की बघत राहावं. गॅलरीच्या उन्हाच्या कोपऱ्यात, नव्या कुंडीत, आठवड्याआठवड्याला तिला नवी पालवी. पण एका काडीवर भरवसा कसा ठेवायचा? धाकटी पुन्हा खाली गेली, तर त्याच जागी तशीच फांदी पुन्हा उगवलेली. या वेळी सासूबाईंना अचानक पाणी हवं झालं. पुढच्या वेळी त्यांना खोकला आला, त्याच्या पुढच्या वेळी आत फोन वाजल्याचा भास झाला. एकदा धाकटी कात्रीच विसरली, तेव्हा तिने फांदी मुळापासून ओरबाडून काढली आणि पळाली. नशीब आपल्या बाजूने आहे अशी तिची खात्री झाली होती.

गंमत अशी, की त्या वर्षी खालचा जर्दाळू कधी नव्हे इतका फुलला. झाड नुसतं लगडलं. थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मी कात्री लावू दिली नाही ना, त्याचं हे फळ."

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर धाकटीच्या झाडाला कळ्या आल्या. झुबक्यांनी आल्या. तिने त्याच दिवशी खाली जाऊन जाहीर करून टाकलं आणि सासूबाईंसाठी खोली झाडून ठेवली. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत गेली, तर कळ्या उमलल्या होत्या. पांढऱ्या. नखाएवढ्या. पाच पाच पाकळ्यांच्या, चपट्या.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. जर्दाळूचा कुठे मागमूस नव्हता. वर्षभर तिने जीव लावून हे वाढवलं होतं. सासूबाई संध्याकाळी येणार होत्या, आणि आल्या तशाच परत जाणार होत्या. तिला रडूच आलं. मग तिने डोळे पुसले आणि पार्लरमधून केसांच्या रंगाच्या दोन ट्यूब आणल्या. सोनेरी आणि तांबूस, अंदाजाने कालवून, लहान ब्रशने एकेक फूल रंगवलं. लांबून बघितलं तर जर्दाळू दिसत होता. म्हणजे डोळे किलकिले करून.

सासूबाई जिना चढून, धापा टाकत आल्या. कुंडीसमोर बसल्या. एका फुलाला नाक लावलं.

"रंग चांगला बसलाय," त्या म्हणाल्या. "पण गुलाबाला पार्लरचा वास येतोय."

धाकटीने ब्रश पाठीमागे लपवला.

"गाठीखालची फांदी उचललीस ना? जर्दाळू गाठीच्या वर असतो, बाई. खाली मुळं आहेत ती रानगुलाबाची. त्याच्यावर तुझ्या सासऱ्यांनी जर्दाळूचा डोळा, म्हणजे कोंब, बसवून कलम केलं होतं. रानगुलाबाच्या फांद्या खालून फुटतात आणि वरच्याचं सगळं खाऊन टाकतात. त्या काढ, काढ म्हणून मी तुझ्या जावेच्या किती मागे लागले होते. ती ऐकेना, माझे गुडघे वाकेनात. तू आपणहून काढत होतीस, मग मी कशाला बोलू?"

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं?"

"पेपर मी दुपारीच वाचून काढते."

सासूबाईंनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. आत ओल्या रुमालात गुंडाळलेली, काटे खुडलेली, बोटभर काडी होती. जर्दाळूची.

"आई, ही कुठून आणली?"

"तुझ्याच दुकानातून. मी फक्त गाठीच्या वरच्या मजल्यावरून घेतली. मुख्याध्यापिकाबाई शाळेत होत्या."

मग त्यांनी लहान चाकूने रानगुलाबाच्या सालीला चीर दिली, काडीवरचा डोळा सालीच्या तुकड्यासकट अलगद सोडवला आणि आत सरकवला. वरून बांधायची पट्टी हातात घेतल्यावर मात्र त्या थांबल्या.

"डोळा ते बसवायचे आणि पट्टी मी गुंडाळायची," त्या म्हणाल्या. "आता ते काम तुझं."

धाकटीने पट्टी गुंडाळली. खालून थोरलीची हाक आली, "आई, चहा झालाय. बिनसाखरेचा."

सासूबाई कठड्याला टेकून म्हणाल्या, "मी इथेच घेते. माझी उशी पाठवून दे. फुललाय हिचा गुलाब."

थोरली स्वतःच उशी घेऊन वर आली. शब्द दिल्यावर ती मोडणाऱ्यातली नव्हती. तिने त्या तांबूस झुबक्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"हा आपला जर्दाळू नाही," ती म्हणाली.

"अगं, याच्याच मुळांवर तुझा उभा आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी फुलला की येईन म्हटलं होतं. कोणत्या रंगाचा ते कुठे म्हटलं होतं?"

थोरलीने उशी धाकटीच्या हातात दिली. "गोळी रात्री जेवणानंतर," एवढंच म्हणाली आणि जिन्याकडे वळली. वळताना तिने डोळ्यांना पदर लावलेला धाकटीला दिसला. पुढच्या रविवारी तिलाही वर जेवायला बोलवायचं, असं धाकटीने ठरवून टाकलं.

चहात दोन चमचे साखर पडली. उशीच्या अभ्र्यातून पत्ते निघाले. तिसऱ्याच डावाला सासूबाईंच्या बाहीतून हुकमाचा एक्का घरंगळला आणि खुर्चीखाली पडला. धाकटीने तो बघितला. तिने शेजारचा पेपर उचलला, तोंडासमोर धरला, आणि तो एक्का गोळा करायला त्यांना हवा तेवढा वेळ दिला.