मामीचा डावा डोळा

माझा मामा कृत्रिम डोळे बनवतो आणि देव मानत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं त्याचं म्हणणं.

"डोळा कुणी बनवलेला नाही," तो सांगतो. "कोट्यवधी वर्षांची ठोकाठोक आहे ती. नसांचं वायरिंग बघ, चक्क डोळ्याच्या पडद्याच्या पुढून नेलंय. माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर त्याला घरी पाठवला असता."

"आणि तुम्ही बनवता त्यातून दिसत का नाही?" मामी विचारते. तिचा देवावर पूर्ण विश्वास आहे, मामावर बेताचा.

हा वाद तीस वर्षं सुखाने चालला होता. मग गाठीमुळे मामीचा डावा डोळा काढावा लागला. "त्याची मर्जी," ती म्हणाली, आणि घराबाहेर पडायची बंद झाली. मर्जी मान्य होती, शेजारणींच्या नजरा नव्हत्या. दोन महिने भाजी मामाने आणली आणि ती कशी होती हे मामीने रोज ऐकवलं.

मामाने डोळा करायला घेतला. त्याचा एक नियम आहे: माणसाला खिडकीशी बसवायचं आणि शाबूत डोळ्याकडे बघूनच दुसरा रंगवायचा. फोटो चालत नाही, आठवण तर नाहीच. मामीला मात्र त्याने बसवलं नाही. "तिचा डोळा मला पाठ आहे," म्हणाला. रेशमाचे लाल तंतू सुईने सुटे करून त्याने पांढऱ्यावर शिरा बसवल्या. बुबुळातला मधाच्या रंगाचा ठिपकासुद्धा विसरला नाही.

मामीने डोळा घातला, आरशात बराच वेळ बघितलं. "हा माझा नाही."

मामा वाद घालायला पुढे झाला आणि त्याला दोन्ही डोळे शेजारी शेजारी दिसले. वयाबरोबर बुबुळाभोवती राखाडी कड येते. उजव्या डोळ्याला ती होती, डाव्याला नव्हती. त्याने पंचविशीतल्या मुलीचा डोळा करून ठेवला होता.

"एवढी वर्षं बघत कुठे होतात?"

"तुझ्याकडेच," मामा पडेल आवाजात म्हणाला.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. 'जीवनाचा अर्थ' या विषयाला वर्षाकाठी बारा तास देतो. मामाचं हे उत्तर त्यातल्या कुठल्या तासाला घ्यावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मामी खिडकीशी बसली. चार दिवस. मामा भिंग लावून बघायचा, एक रेघ ओढायचा, पुसायचा, पुन्हा बघायचा.

"देवानेसुद्धा मला इतकं निरखलं नसेल."

"असलाच, तर त्याला बाकीची गिऱ्हाइकं असतील. हलू नकोस."

चुकलेला डोळा मोडीत काढायचा म्हणून मामाने परत मागितला. मामीने दिला नाही. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी एका डबीत तो आहे.

पाचव्या दिवशी नवा डोळा घालून ती स्वतः पिशवी घेऊन निघाली. मागे आम्ही दोघे. भाजीवालीने तब्येत विचारली.

"ओळख, खोटा कुठला," मामी म्हणाली.

भाजीवालीने टोमॅटो निवडावेत तसे दोन्ही डोळे पारखले आणि उजव्याकडे बोट दाखवलं.

"देवाची कृपा," मामी म्हणाली.

मामाने तिच्या हातातली पिशवी घेतली. "चार दिवस लागले कृपेला," तो माझ्या कानात पुटपुटला, तिला नीट ऐकू जाईल अशा बेताने.