बिनहरकत

टायरवाल्याच्या दुकानाचं शटर संध्याकाळी अर्ध्यावर आलं की खेळ सुरू व्हायचा. खेळाला सामान असं काही लागत नसे. जुन्या टायरांच्या बैठकीवर चार जण, मधे उलट्या खोक्यावर चहाचे पेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यात पाच खणांचं एक गॅरेज. पहिल्या खणात गावातली रोजची गाडी. दुसऱ्यात लांब पल्ल्याची. तिसऱ्यात चिखल-दगडांतली, चौथ्यात शर्यतीच्या ट्रॅकवरची. आणि पाचव्यात उगाचची, म्हणजे कुठंच जायचं नसताना, नुसतंच निघावंसं वाटेल तेव्हाची. जगातली कुठलीही मोटारसायकल निवडावी, फुकटात निवडावी; पण नियम एकच, आणि तो कडक. हरकत घेतल्याशिवाय गाडी खणात जायची नाही. कुणीतरी हरकत घ्यायची, निवडणाऱ्यानं ती परतवायची. परतवता आली नाही तर खण रिकामा.

या नियमापायी माणसं एकमेकांच्या उरावर बसायचीच काय ती बाकी राहत. चष्मेवाल्याच्या लांब पल्ल्याच्या गाडीला कुणीतरी ‘पलंग’ म्हटलं, तर तो कित्येक दिवस दुकानाकडे फिरकला नव्हता. आणि ते म्हणणारा अर्थातच कप्तान होता. हरकती काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रेसमध्ये छपाईचं यंत्र चालवणारा हा माणूस चौघं गाड्या घेऊन निघाले की नेहमी पुढे असायचा, म्हणून हे नाव पडलं होतं; पण त्या पूर्ण नावानं त्याला कुणी हाक मारत नसे. ‘कप्त्या’ म्हणत, आणि त्याच्या मागेपुढे जी विशेषणं लावत, ती इथं न लिहिलेली बरी.

मग एका वळणावर रस्त्यावर पसरलेली खडी आडवी आली. गाडी घसरली आणि त्याचा उजवा खांदा कठड्यावर आपटला. हाडं जुळली, पण खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसा मुळापासून तुटल्या होत्या. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज इतका मऊ होता की कप्तानला त्याच क्षणी पहिल्यांदा भीती वाटली. हात राहिला, पण गळ्यातल्या झोळीत. ‘आमच्याकडे पाहुणा आलाय, जायचं नाव घेत नाही,’ असं तो त्याबद्दल म्हणायचा. त्यावर कुणी हसत नसे. सगळे मान हलवत.

त्याला खरं जे सोसवेनासं झालं, ते हे मान हलवणं. प्रेसच्या मालकानं त्याला यंत्रावरून काढून काउंटरवर बसवलं आणि ‘जमेल तेव्हा या’ म्हणून सांगितलं. ज्या मालकाशी त्यानं एका शाईच्या छटेवरून दुपारभर वाद घातला होता, तो मालक आता त्याचं म्हणणं संपायच्या आधीच ‘बरोबर आहे’ म्हणत होता. घरी बायको, जिनं लग्नापासून पडद्याच्या रंगापासून मुलीच्या शाळेपर्यंत त्याचं एकही म्हणणं सुखासुखी मान्य केलं नव्हतं, ती आता ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणू लागली होती. आणि टायरवाल्याच्या दुकानात तो पुन्हा यायला लागल्यापासून सगळे त्याला ‘कप्तान’ म्हणत होते. पूर्ण. मानानं. एखाद्या मृत माणसाचा फोटो भिंतीवर लावताना तो वाकडा तर नाही ना, हे जसं मागे सरून पाहतात, तसं.

त्या संध्याकाळी त्याची पाळी आली, तेव्हा त्यानं ठरवलं होतं की आज एकतरी हरकत मिळवायचीच.

“पहिला खण,” तो म्हणाला. “ती सहा सिलिंडरची महामार्गावरची. बाजूला पेट्या असलेली.”

“गावातल्या गल्लीत?” टायरवाला म्हणाला. कप्तान पुढे झुकला. पण टायरवाल्यानं पेला उचलला आणि त्यात पाहत पुटपुटला, “हां, म्हणजे रुबाब येईल. घे.”

“तिसरा खण,” कप्तान दुसरा खण ओलांडून म्हणाला. “चिखलात. पाय पुढे पसरून बसायची, हँडल छातीपर्यंत वर आलेलं, क्रोमनं मढवलेली. चिखलात ती.”

चष्मेवाल्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. जुना चष्मेवाला असता तर उठून उभा राहिला असता; म्हशीला झूल घालून नदीत सोडणार का, असं काहीतरी विचारून त्यानं दुकान डोक्यावर घेतलं असतं. तो म्हणाला, “आवडीचा प्रश्न आहे.”

“चौथा. ट्रॅकवर. दूधवाल्याची मोपेड. मागं कॅन अडकवायचे हूक असलेली.”

पंक्चर शोधायच्या पाण्याच्या टाकीत नळ ठिबकत होता. कप्तानच्या बायकोचा भाऊ, चौघांतला सगळ्यात तरुण, बहिणीचा विचार करत असल्यासारखा खाली पाहत बसला होता. शेवटी त्यानंच तोंड उघडलं.

“हलकी असते, दाजी. वळणावर बरी पडेल.”

“बरी पडेल?”

“म्हणजे... पडेल ना.”

कप्तानच्या आत कधीपासून मंद आचेवर असलेलं काहीतरी एकदम उतू आलं. त्यानं खोक्याला लाथ मारली. पेले टायरांच्या राशीत गडगडत गेले.

“मोपेड! शर्यतीत मोपेड! आणि तू म्हणतोस बरी पडेल? अरे, तुझ्या साध्या डिस्क ब्रेकवरून मी तुला रडवलंय. मी आता काय बोलतोय ते ऐकता तरी का रे तुम्ही? की खांद्याखाली नजर गेली की कान बंद होतात?”

“कप्तान, शांत हो,” टायरवाला म्हणाला.

“तेच ते! कप्तान म्हणू नकोस. शांत हो म्हणू नकोस. मूर्ख म्हण!”

“तुला त्रास होईल असं आम्ही कशाला...”

“त्रास मला आत्ता होतोय. मी चार वेळा गाढवपणा केला आणि चार वेळा तुम्ही मला शाबासकी दिलीत. तीन वर्षांच्या पोरानं काढलेल्या चित्राला देतात तशी.”

खरं तर गाढवपणा तीन वेळाच झाला होता. एरवी ही चूक चष्मेवाल्यानं तत्काळ पदरात घातली असती. त्यानं ती गिळली, आणि गिळताना कप्तानला ती दिसली.

तो शटरखालून वाकून बाहेर पडला.

बाहेर अंगणात चष्मेवाल्याची गाडी उभी होती आणि किल्ली नेहमीप्रमाणे तिच्यातच होती. कप्ताननं टांग टाकली. किती महिन्यांनी तो असा बसत होता, आणि मांड्यांना टाकीचा आकार कसा जसाच्या तसा आठवत होता. त्या आठवणीचाही त्याला राग आला. डावा हात उजवीकडे नेऊन त्यानं बटण दाबलं. इंजिन लागलं. तोच हात परत आणून त्यानं क्लच ओढला, डाव्या पायानं पहिला गियर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. गाडी आपल्या आपण, वेग न देता, मुंगीच्या पावलानं सरकू लागली.

“ही पाचवी!” तो ओरडला. “उगाचची! घ्या हरकत!”

तिघं शटरखालून बाहेर येईपर्यंत त्यानं डावा हात पुन्हा उजव्या मुठीवर नेला होता. हात आडवा आला की खांदे फिरतात, खांदे फिरले की हँडल फिरतं. हे त्याला कळलं, पण मूठ पिळल्यानंतर कळलं. गाडी उसळली. रचून ठेवलेल्या ट्रॅक्टरच्या टायरांत तिचं पुढचं चाक घुसलं, ती डाव्या अंगावर कलली, आणि कप्तान टायरांवर, टायर कप्तानवर, असा सगळा ढीग झाला.

पहिला धावत आला तो चष्मेवाला. आणि त्यानं पहिली उचलली ती गाडी.

“माझा आरसा! मेल्या, आरसा तोडलास माझा! आणि हे बघ, लिव्हर वाकलंय! दुसऱ्याच्या गाडीवर बसायची अक्कल नाही तर...”

“चष्मेवाल्या, अरे तो खाली आहे,” टायरवाला कळवळला.

“असू दे खाली! पायातला ब्रेक का नाही दाबलास रे? हात नसेल, पाय तर धड आहेत ना तुझे?”

बोलून झालं आणि तो थिजला. त्या एवढ्याशा ‘तर’मध्ये सगळं येऊन गेलं होतं. कुणीही उच्चारू नये असं जे कधीपासून पाळलं जात होतं, ते आता अंगणात फुटक्या आरशाशेजारी उघडं पडलं होतं.

कप्तान टायरांतून उठला नाही. कोपर सोललं होतं, झोळी मानेमागे गेली होती आणि निर्जीव हात टायराच्या पोकळीत लोंबत होता.

“पुढचं बोल,” तो म्हणाला.

“सोड.”

“सोडायला मी काय धरलंय? बोल. हरकत अर्धी घेता येत नाही.”

चष्मेवाल्याचा चेहरा लाल झाला होता. आधी रागानं, मग लाजेनं, आणि आता पुन्हा रागानं. “बोलतो. एक हात चालत नाही तुझा. तू काहीही निवड, हरकत एवढीच आहे, पाचही खणांना हीच आहे, आणि म्हणून आम्ही कुठलीच घेत नव्हतो. कुठून सुरुवात केली तरी तिथंच येऊन थांबलो असतो. झालं समाधान?”

“नाही,” कप्तान म्हणाला. “समाधान कसलं? आता मला परतवायचीय.”

टायरवाल्यानं त्याच्या बगलेत हात घालून उठवायचा प्रयत्न केला. कप्ताननं तो झटकला. तो खालूनच बोलू लागला, कित्येक महिन्यांपासून एकट्यानं, अंथरुणात, काउंटरवर, मनातल्या मनात घोळवलेलं सगळं.

“गावातली छोटी. क्लच नसलेली मिळते, गियर पायात. वेगाची मूठ डावीकडे बसवून घ्यायची. ब्रेक पायात.”

“पुढचा ब्रेक?” चष्मेवाला गुरकावला.

“त्याचा दांडाही डावीकडे. मुठीशेजारी.”

“आणि हॉर्न कशानं वाजवणार, दातांनी?”

“तुझं नाव घेऊन ओरडेन, लोक आपोआप बाजूला होतील. गेली खणात. लांब पल्ल्याची, आपोआप गियर बदलणारी. जड आहे, उभी करायला माणूस लागेल. माणूस घेऊन जाईन.”

“आणि तो माणूस मीच ना?” टायरवाला पहिल्यांदाच चिडून म्हणाला. “त्या दोन क्विंटलच्या धुडाला प्रत्येक चहाच्या टपरीवर मी टेकू देत बसू? माझी हरकत. आणि परतवू नकोस, मी ऐकणार नाही.”

“मग जड नको, मधली.”

“मधली चालेल. मधलीला बघू.”

“चिखलातली,” चष्मेवाला म्हणाला.

कप्तान थांबला. चिखल ही त्याची खरी आवड होती. ओल्या मातीत हँडल दोन्ही मुठींशी भांडतं. ते भांडणच तर हवं असायचं त्याला. एका हातानं ते भांडता येत नाही. त्यानं शोधलं, वळून वळून शोधलं, आणि त्याला उत्तर सापडलं नाही. चष्मेवाला वाट पाहत होता. दयेनं नव्हे. कुस्तीत पाठ टेकवलेल्या माणसाकडे वरचा जसा पाहतो, तसा.

“रिकामा,” कप्तान म्हणाला. “तिसरा खण रिकामा.”

“आणि ट्रॅक?”

“ट्रॅक सोडणार नाही! ट्रॅकवर खड्डा नसतो, समोरून कुणी येत नसतं...”

“वळणावर अंग कशानं लोटशील?”

“गुडघ्यानं! कमरेनं! तुला कंबर म्हणजे काय हे माहीत नाही, तुझं पोट आहे तिथं.”

“माझी एक हरकत आहे,” मेहुणा म्हणाला.

तो इतका वेळ बाजूला उभा होता. आता तो खाली पाहत नव्हता.

“कुठल्या खणाला?” कप्ताननं विचारलं.

“सगळ्याच. पण माझी नाही, ताईची. तुम्ही दवाखान्यात होतात, तेव्हा ती माझ्यापाशी म्हणाली होती की हा माणूस पुन्हा गाडीवर बसला तर मी याचं तोंड बघणार नाही. तुमच्यासमोर बोलायची तिची हिंमत होत नाही. आज तुम्ही हे जे केलंत ना, दाजी, हे तिला कळलं तर तिचं काय होईल, याचा विचार तुमच्या या पाच खणांत कुठं आहे? तुम्हाला राग येतो. आम्हाला येत नाही?”

कप्ताननं त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात पुढे केला. मेहुण्यानं तो धरून त्याला ओढून उभं केलं, जरा जास्तच जोरात.

“ती हरकत तू घेऊ शकत नाहीस,” कप्तान म्हणाला. “ती तिनं घ्यायला हवी. माझ्या तोंडावर.”

“मग विचारा तिला.”

“विचारतो.”

कोपरावरची माती न झटकता तो रस्त्याला लागला. मेहुणा दोन पावलं मागून निघाला. वाटेत कप्तान मोठ्यानं उत्तरं जुळवू लागला: सावकाश चालवीन म्हणेन, मोकळ्या मैदानात आधी शिकेन म्हणेन, मुलीची शपथ घेईन म्हणेन.

“शपथेवरून तर ती तुम्हाला आधी उभंआडवं घेईल,” मेहुणा मागून म्हणाला.

“गप्प बस, माहितीय मला!” कप्तान खेकसला, आणि ते उत्तर टाकून दुसरं शोधू लागला.