उस्तादची नवी जोडी

उस्तादने काम सोडलं. पण ते झालंच नाही असं धरून चालू, कारण मॅनेजरनेही तसंच धरलंय.

उस्ताद सिगार-बारमध्ये कॉकटेलं बनवायचा. कुठल्या ग्लासाबरोबर कुठली सिगार, हे नुसतं हुंगून ठरवायचा.

त्या सकाळी तो गॅससमोर उभा असताना बायको धावत आली.

"अहो, दूध करपलंय! नाक गहाण टाकलंत की काय?"

त्याने पातेल्यात तोंड घातलं. काही नाही. लसूण हुंगला, फिनेल हुंगलं, शेवटी धाकट्याचे मोजे. मोज्यांनीही दगा दिला तेव्हा तो मटकन खाली बसला.

"मागच्या महिन्यातल्या तापाने गेलं असणार."

"मग महिनाभर बारमध्ये लोकांना काय पाजताय?"

"तेच तर!"

संध्याकाळी त्याने खात्री करायचं ठरवलं. निवृत्त न्यायाधीश नेहमीच्या खुर्चीत होते. अख्ख्या बारमध्ये त्यांच्या जिभेचा दरारा. जवळजवळ नुसत्या व्हिस्कीच्या ओल्ड फॅशन्डला काळी, कडक सिगार आणि लिंबू पिळलेल्या व्हिस्की सावरला फिकी, हलकी, हा उस्तादचा नियम. आज त्याने सावरच्या शेजारी सगळ्यात काळी सिगार ठेवली. ही सोयरीक म्हणजे पहिल्याच दिवशी भांडी आपटायची.

न्यायाधीशांनी घोट घेतला, झुरका घेतला, डोळे मिटले. उस्तादने एप्रनची गाठ सोडून ठेवली.

"वा! आज कमाल केलीत, उस्ताद."

न्यायाधीशांच्या पुढच्या ओल्ड फॅशन्डमध्ये उस्तादने व्हिस्की घातलीच नाही. गार कोरा चहा ओतला आणि शेजारी फिकी सिगार ठेवली.

"जपून हं," न्यायाधीश शेजारच्याला म्हणाले, "आजची जरा चढतेय."

मॅनेजर हात चोळत आला. "उद्यापासून या दोन्ही जोड्या मेनूत. तुमच्या नावाने!"

"साहेब, तो चहा होता! मला कसलाच वास येत नाही हो."

"इथे कुणाला येतो?" मॅनेजर सहज म्हणाला.

उस्ताद बराच वेळ कोरडाच ग्लास पुसत राहिला. ताप आता आला. हुंगत मात्र तो उभा जन्म होता, कुणासाठी कोण जाणे.

त्याने तिथेच राजीनामा लिहिला. मॅनेजरने तो घडी घालून न्यायाधीशांच्या ओल्या ग्लासाखाली सारला.

दुसऱ्या दिवशी उस्तादने अर्ज दिला:

'मा. व्यवस्थापक यांस, राजीनामा विचारात न घेतल्याने कामावर रुजू होत आहे. तथापि, ग्राहकांपैकी कोणीतरी, निदान एकदा, माझा ग्लास तोंड वाकडे करून परत पाठवावा, याबाबत आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.'