भिकाजीसाहेबांनी दिलेली लाँच

मी एक जुनी लाँच आहे. देवबागला खाडीच्या अंगाला, शाळेच्या कुंपणाशी उपडी पडलेली दिसते ना, तीच मी. माझ्या पोटाखाली आता कोंबड्या अंडी घालतात. पण मित्रांनो, माझ्या बाजूवर अजून पुसट अक्षरं आहेत : ‘आजाऱ्यांसाठी’.

मला गावाला दिलं भिकाजी केळुसकर यांनी. ते इथल्याच मासेमार घरातले. मुंबईत एका आगबोट कंपनीत कारकून म्हणून लागले आणि मॅनेजर झाले. धाकट्या भावाला, गुरुदासला त्यांनी शिकवलं, दोन्ही बहिणींची लग्नं लावली, गावच्या शाळेवर कौलं चढवली. आमच्या देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे नुसती वाळू. आजाऱ्याला डोलीत घालून वाळू तुडवत मालवणला न्यायचं म्हणजे त्याचा जीव अर्धा जायचा. म्हणून १९५४ साली साहेबांनी मला बांधवून घेतलं आणि मुंबईहून डिझेलचं इंजिन आणून बसवलं. खाडीने वर, मालवणचा गाडीरस्ता लागतो त्या धक्क्यापर्यंत मी माणसं पोचवायची, एवढंच माझं काम.

पहिल्या वर्षी मी किती अभिमानाने धावले! सर्पदंश झालेला दत्ताराम माझ्यातूनच गेला आणि आपल्या पायांनी चालत परत आला. बाया माझ्या पुढच्या टोकाला, नाळेला, हळदकुंकू लावत.

माझी देखभाल साहेबांनी गुरुदासकडे सोपवली. “घरचो माणूस आसा, चिंता नाय,” असं म्हणून ते निश्चिंत मुंबईला गेले. गुरुदासने आधी माझ्यातून नारळ नेले, मग लग्नाची वऱ्हाडं. कोणी आजारी पडलं की मी नेमकी कुठेतरी गेलेली असायची. दर मे महिन्यात साहेब येत, तेव्हा मला नवा रंग लागलेला असे. साहेब माझ्यावरून हात फिरवत, गुरुदासची पाठ थोपटत आणि जात. लोकांना मात्र त्यांनी कधी काही विचारलं नाही.

१९५७ च्या पावसाळ्यात गुरुदासने भाताची गिरणी काढली. माझं इंजिन उचलून त्याने तिथे बसवलं.

श्रावणातल्या एका सकाळी मासे विकणारी चंद्रावती धावत आली. तिची लेक गंगू बाळंतपणात अडली होती.

“गुरुदासानू, लाँच काढा! माझा चेडू मरतला!”

“लाँचीत इंजिन खंय आसा? गिरणीर लायलंय. वल्ही मारून नेवा,” गुरुदास म्हणाला.

माणसांनी मला वल्हवत नेलं. खाडी फुगलेली, पाणी उलट्या अंगाने रेटत होतं. गंगू आईचा हात धरून विचारत होती, “आये, धक्को इलो काय गो?” चंद्रावती दर वेळी “इलो, इलो” म्हणत राहिली. धक्का आला तेव्हा विचारणारी उरली नव्हती. बाळही गेलं. मी लाकडाची आहे, मला रडता आलं नाही.

दिवाळीत साहेब पत्नी सावित्रीबाईंबरोबर आले. चंद्रावती इथे किनाऱ्यावर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने सगळं सांगितलं.

“गुरुदास, इंजिन खंय?” साहेबांनी विचारलं.

“दादा, नुसता गंजत होता. गिरणीर आता आपल्या घरातली दहा माणसां जेवतत.”

साहेबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, “चंद्रावती, मी नवा इंजिन धाडतंय. गंगूच्या नावान मालवणच्या दवाखान्यात खोली बांधतंय.”

“तिचा नाव खंय घालू नकात, साहेबानू. आणि नव्या इंजिनाची राखण कोण करतलो? तुमचो भावच मां?”

साहेब गुरुदासकडे पाहत राहिले. ‘नाय’ एवढा एक शब्द पुरे होता. तो त्यांच्या तोंडून निघाला नाही. चंद्रावती पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली.

मग सावित्रीबाईंनी हळूच विचारलं, “कंपनीत कोणी असा केल्यान असता तर?”

“मिया तेका त्याच दिवशी घराक धाडला असता.”

“मगे?”

“तो माझो भाव.”

नवं इंजिन आलंच नाही. गिरणी चालू राहिली, तिची फटफट मला इथे ऐकू येई. साहेब पुन्हा कधी किनाऱ्यावर आले नाहीत. मुंबईत मात्र त्यांचे सत्कार झाले. माझा फोटो कुठल्याशा सभागृहात लावला म्हणे, नव्या रंगातला.

१९६६ साली साहेब वारले. शाळेत शोकसभा भरली. हेडमास्तरांनी त्यांचं दातृत्व वर्णन केलं, गुरुदासने डोळे पुसले. चंद्रावती साहेबांच्या फोटोवर फूल वाहून वळली, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, “तुम्हीही दोन शब्द बोला.”

“माणूस बरो होतो,” ती म्हणाली. “दिल्यान खूप. पण आमका इचारूक कधी इलो नाय.”

गुरुदास खाली बघत राहिला.

मित्रांनो, साहेब खरोखरच बरे होते. त्यांनी घरावर माया केली आणि गावावरही. दोन्हींतलं एक निवडायची वेळ आली तेव्हा ते गप्प बसले, आणि ते गप्प बसणं गंगूच्या आईच्या वाट्याला आलं. तुम्ही मोठे व्हाल, कोणाला काही द्याल. तेव्हा दिलेल्या वस्तूचा रंग पाहून परत फिरू नका. ती ज्यांच्यासाठी दिली, त्यांच्या दारात जा, खाली बसा आणि विचारा. ते जे सांगतील ते तुमच्या घरच्या माणसाविरुद्ध असलं, तरी उठून जाऊ नका.