थांबताना वाजणारा ट्रक

मी एक जुना निळा ट्रक आहे, मित्रांनो, आणि थांबताना वाजतो. माझे मालक किशनराव यांचा शेवटचा साधा दिवसही वाजतच गेला. पूर्णेहून खताची पोती भरली, पोखर्णीत उतरवली, संध्याकाळी परभणीत घरापुढे थांबलो. ठण्ण!

“अण्णा, मिस्त्रीला दाखवा की,” त्यांची लेक सुकेशनी म्हणाली.

“काय दाखवायचं? वय झालं की सांधे वाजतेतच. माझे न्हाईत का वाजायले?”

दुसऱ्या सकाळी ते उठले नाहीत.

महिन्याभराने त्यांचे धाकटे भाऊ सुगतराव माझे वैद्य झाले. “गिअरबॉक्स गेलाय. रविवारी भंगारवाला येतोय.” सुकेशनीला मला मोडू द्यायचे नव्हते. तिने शनिवारीच राम मिस्त्रीला बोलावले.

इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा माझा एक लांब शाफ्ट आहे. त्यात एक सरकता सांधा असतो. मी थांबताना त्याने गुपचूप सरकायचे, एवढेच त्याचे काम. मिस्त्रीने खाली शिरून शाफ्ट हलवला, बाकीचे सांधे चाचपले.

“गिअरबॉक्स ठणठणीत हाय, ताई. सरकता सांधा कोरडा पडलाय. अडकतो अन् एकदम सुटतो.”

“कोरडा कसा? अण्णा स्वतः ग्रीस द्यायचे.”

“कुठून द्यायचे? ग्रीस घालायचं तोंडच दिसंना!”

त्याने पेचकसाने खरवडले. निळा रंग निघाला. त्याखाली निळा. त्याखालीही निळाच. दर भीमजयंतीच्या मिरवणुकीआधी किशनराव मला रंगवत आणि पोटाखाली बोटभर जागा सोडत नसत. ते तोंड त्यांनीच बुजवले होते. पुढे त्या रंगावरच ग्रीस चोपडून ते समाधानाने हात पुसत. मी काय बोलणार?

“खालून कोण बघणार होतं?” सुकेशनीला हसू आले.

“रस्ता बघतो की, ताई!”

तोंड मोकळे झाले. ग्रीस भरले, आधी काळी घाण आणि मग ताजे ग्रीस बाहेर आले. मिस्त्रीने मला चालवून गचकन ब्रेक मारला. मी गप्प!

“म्या म्हणलंच होतं, बारीक काम हाय,” सुगतराव म्हणाले आणि भंगारवाल्याला ‘येऊ नको’ असा फोन करायला आत गेले.

मित्रांनो, आम्हांला जरूर सजवा, पण कधी वाकून खालीही पाहा.

सगळे गेल्यावर सुकेशनी किशनरावांच्या जागेवर येऊन बसली. त्यांची चूक दाखवायची त्या घरात कुणाची छाती नव्हती, आणि कौतुक करायची पद्धत नव्हती.

“अण्णा, चूक तुमचीच होती,” ती मोठ्याने म्हणाली. मग स्टिअरिंगवरची धूळ हाताने पुसली. “पण तुमच्यासारखा रंग अख्ख्या परभणीत कुणाला देता येत नाही.”