शेजाऱ्यांचा फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. आर्वीत एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत सदाशिवरावांचं घर आहे, तिथल्या कपाटावर मी पडून असतो. माझी तार कधीच काढून टाकली. पण मनात इतकं साचलं आहे, की आज ते तुम्हाला ऐकावंच लागेल.

कारखान्यात माझे भाग जुळवणाऱ्या बाईंनी घंटा वाजवून पाहिली आणि मला खोक्यात घातलं. १९९४ साली मी आर्वीला आलो. कापसाचे व्यापारी असूनही सदाशिवरावांना फोनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली होती, म्हणून माझ्यापुढे नारळ फुटला. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. त्या रुमालाखाली मला फार उकडायचं, पण तो मानाचा होता, म्हणून मी सहन केला.

गल्लीत दुसरा फोन नव्हता. मग साऱ्या गल्लीने माझा नंबर आपापल्या पाहुण्यांना देऊन टाकला. नंबरापुढे 'पी.पी.' लिहायचं, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, ते बोलावून देतील. घंटा वाजली की यशोदाबाई तवा उतरवून मागच्या दारातून हाक मारत आणि मागच्या घरच्या मीराबाई ओले हात पदराला पुसत येत. लोकही काही कमी नव्हते. स्वतःच फोन करायचा आणि वर विचारायचं, "कोण बोलते?" अरे बाबा, फोन तू केलास, तर नाव आधी तू सांग. काही जण नागपूरला ऐकू जावं म्हणून इतके ओरडत, की मग माझी गरज काय, असं मला वाटे. चिडचिड व्हायची, तरी मी गल्लीच्या उपयोगाचा होतो आणि मला त्याचा अभिमान होता.

२००१ साली सदाशिवरावांच्या मुलाने, गजेंद्रने, कॉम्प्युटर आणला आणि माझीच तार त्याला जोडली. इंटरनेट सुरू झालं की माझ्या गळ्यातून किर्र-खर्र आवाज निघे. त्या वेळात बाहेरून कोणी फोन केला, तर त्याला नुसतं एंगेज ऐकू येई. गजेंद्र दुपारभर कॅनडातल्या कुणा अनोळखी माणसाला जेवलास का, म्हणून विचारत बसे. इकडे आई ताट वाढून ताटकळत असे, तिला मात्र कोणी विचारत नसे.

त्या ऑगस्टात मीराबाईंच्या मुलीचं, प्रेरणाचं नाव नागपूरला नर्सिंगच्या प्रतीक्षायादीत होतं. जागा निघाली की मामा रामाजी माझ्यावर फोन करणार होते. दुसऱ्या दिवशी कागदपत्रं घेऊन हजर झालं नाही, तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. एका दुपारी मीराबाईंनी दारातून विचारलं, "गजेंद्र, बाबू, आमचा फोन आलता का?"

त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. "नाई मावशी. आला तर आवाज देतो."

थोड्या वेळाने त्या पुन्हा आल्या, पुन्हा तेच उत्तर घेऊन गेल्या. तो खोटं बोलत नव्हता. फोन आला नव्हताच. येणार कुठून? तार त्यानेच अडवून ठेवली होती. मी त्याच्या कोपराशी बसून नुसता चरफडत होतो.

दिवेलागणीला नागपूरच्या गाडीचा कंडक्टर डेपोतून थेट आमच्या दारात आला. "भाऊ, फोन बिघडला का तुमचा? मीराबाईचे भाऊ दुपारपासून लावून राह्यले, लागूनच नाई राह्यला. शेवटी स्टँडवर येऊन मले निरोप देला. जागा निघाली म्हणा, पोरीले उद्या अकराच्या आत हजर करा."

यशोदाबाईंनी माझा रिसीव्हर उचलून कानाला लावला. तो खरखराट ऐकताच त्या समजल्या. "गजेंद्र, काऊन केलं रे असं?" एवढंच म्हणून त्या अनवाणीच मीराबाईंकडे धावल्या. साऱ्या जगाशी बोलणारं यंत्र घरात, आणि मागच्या घरचा निरोप येतो एस.टी.ने. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रेरणा पहाटेच्या गाडीने गेली. तिला प्रवेश मिळाला. पुढच्या आठवड्यात मीराबाई पेढे घेऊन आल्या. आता त्या गजेंद्रला चार शब्द सुनावतील, म्हणून मी आसुसून वाट पाहत होतो. पण त्यांनी त्याच्याही हातावर पेढा ठेवला. मग यशोदाबाईंना म्हणाल्या, "बाई, आता तुमचा नंबर नाई देत कोणाले. डेपोसमोरच्या एसटीडीवाल्याचा देला. तुमच्या पोराच्या कामात आमची अडचण होते."

"असं नका बोलू, मीराबाई," यशोदाबाई म्हणाल्या.

"बरं केलं, मावशी," गजेंद्र म्हणाला आणि पेढा तोंडात टाकून पुन्हा पडद्याकडे वळला.

मीराबाई त्यानंतर आमच्या दारात आल्या नाहीत. हळूहळू सारी गल्लीच यायची थांबली. पुढे घरोघरी मोबाइल आले आणि मला कपाटावर चढवलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, असं मी म्हणत नाही. इंटरनेट वापरू नका, असंही माझं म्हणणं नाही. पण दारात उभं राहून कोणी काही विचारत असेल, तर आधी मान वर करा. त्या दुपारी गजेंद्रने एकदा जरी मीराबाईंचा चेहरा पाहिला असता, तर तार त्याने आपणहून सोडली असती.