पुसलेला उजवा कोपरा

मी एक फळा आहे. खडूचा, काळ्या दगडाचा. खाणीतून निघालो तो थेट भौतिकशास्त्राच्या संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर बाईंच्या खोलीत आलो.

बाई संशोधक. अवकाश मुळात नसतंच, कणांच्या आपसातल्या गुंत्यातून ते विणलं जातं, हे त्यांना गणितानं दाखवायचं होतं. जोडीला एक शंकेखोर सर. ते रोज खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "मला नाही पटत." की बाई पुन्हा लिहायला उभ्या. चार महिन्यांत मी काठोकाठ भरलो. उजव्या कोपऱ्यात बाईंनी बजावून लिहिलं, 'पुसू नये'.

एका सकाळी सफाईवाल्या मावशींचा चष्मा घरी राहिला. नेमकी ती सूचनाच आधी पुसली गेली, मग तिच्याखालच्या सहा ओळी. परवा हेच परिषदेत मांडायचं होतं, आणि वहीत उतरवून घ्यायचं काम बाईंनी सरांवर व सरांनी बाईंवर सोडलेलं.

बाई आल्या तेव्हा मावशी फडकं घेऊन माझ्यासमोरच उभ्या होत्या. "नोकरी जाणार का माझी?"

"बसा आधी. पुसलेलं उरलेल्या ओळींवरून परत काढता येईल," बाई म्हणाल्या. "पाच जणींत एक गुपित अशा रीतीनं वाटून द्यायचं, की दोघींना मिळूनही काही कळू नये, पण कुठल्याही तिघी जमल्या की सगळं कळावं. दोघी हरवल्या तरी गुपित शाबूत. अवकाश, म्हणजे आपल्या भोवतीची ही जागा, मुळात नसते, ती अशीच विणली जाते, असं आम्हाला वाटतं."

"आमच्याकडे एका जावेला सांगितलं तरी पाचीजणींना कळतं," मावशी म्हणाल्या. मग थबकल्या. "म्हणजे ही खोली मुळात नाहीच? मग मी वीस वर्षं झाडतेय काय?"

सर पहिल्यांदाच हसले.

उरलेल्या ओळींवरून बाईंनी पुसलेला भाग पुन्हा मांडला. सर म्हणाले, "इथे काल उणे चिन्ह होतं." बाईंनी तीनदा मांडलं, तिन्ही वेळा अधिकच आलं. म्हणजे चूक आधीच्या, पुसलेल्या भागातच होती. सर खुर्चीतून उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "पटलं."

परिषद छान झाली. शोधनिबंधाच्या शेवटी आभारांत मावशींचं नाव छापलं गेलं. त्यांनी ते पान घडी करून पर्समध्ये ठेवलं.

हल्ली मी संस्थेच्या पाळणाघरात आहे, जमिनीलगत. मुलं मांजर काढतात आणि शेपूट मावली नाही की सरळ भिंतीवर नेतात. बोलणी मात्र मला बसतात, फळा लहान पडतो म्हणून. तेव्हा एकच मागणं आहे: माझ्या शेजारी आणखी एक फळा लावा. शेपटीला जागा हवी.